इस्त्रीच्या खोलीतली गोगलगाय

१२ जानेवारी

ताई,

भाऊजींच्या हाती एक खोकं पाठवलं आहे. उघडताना सुरी खोल खुपसू नकोस, आतलं भांडं चिनी मातीचं आहे. स्लो कुकर म्हणतात त्याला. सकाळी सगळं चिरून आत टाकायचं, झाकण लावायचं, बटण फिरवायचं आणि विसरून जायचं. दुपारपर्यंत आपलं आपण मंद शिजत राहतं. दिवसभर इस्त्रीपुढे उभी राहतेस आणि घरी जाऊन पुन्हा गॅसपुढे उभी राहतेस, ते मला बघवत नव्हतं. पगार हातात आल्यावर घरासाठी पहिली वस्तू हीच घेतली.

पत्र लाँड्रीच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुमच्या घरातला फोन सगळ्यांचा असतो, आणि मला जे लिहायचं आहे ते सासूबाईंनी स्पीकरवर ऐकण्यासारखं नाही.

तर ऐक, आणि मधेच पत्र मिटू नकोस. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, त्यानंतर तू त्या विषयाला कुलूप घातलंस. मी लहान होते, मला कुणी काही विचारलं नाही. आता मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून बसते, स्त्रीरोग विभागाच्या दाराबाहेर माझं टेबल आहे, आणि रोज समोर येणाऱ्या बायकांमध्ये मला तूच दिसतेस. रक्त कमी, झोप कमी, पाळीचा ताळमेळ नाही, आणि सकाळपासून पोटात फक्त चहा. जेवणाने मूल होतं असं मी कुणालाच सांगत नाही, तुलाही सांगणार नाही. डॉक्टरांना दाखवायचं ते दाखवायचंच. पण पोटभर, सकस, वेळेवर खाल्लं तर हार्मोन्सची विस्कटलेली घडी बसायला मदत होते. एवढं मात्र मी शिकले आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे.

पहिल्यांदा सोपं कर. मसूर, लाल भोपळ्याच्या फोडी, गाजर, लसूण, आल्याचा तुकडा, सगळं बुडेपर्यंत पाणी. पालक अगदी शेवटी. वाढून घेतल्यावर वर लिंबू पिळ, त्याने भाजीतलं लोह अंगी लागतं. आणि झाकण सारखं उघडून बघू नकोस. एकदा उघडलं की आतली वाफ जाते आणि शिजायला अर्धा तास जास्त लागतो. वासावर विश्वास ठेवायचा.

पदवीदानाला तू आली नाहीस त्याचा राग गेला आहे माझा. जवळजवळ. काळा झगा घालून मी सभागृहाच्या दारात उभी होते आणि भाऊजी एकटेच आले. म्हणाले, "अगं, आमच्या आईची बहीण आजारी आहे, तिच्याकडे गेलीय." तू सातवीनंतर इस्त्री हातात धरलीस म्हणून तो झगा माझ्या अंगावर आला. तो तुला घालायचा आणि फोटो काढायचा, असं मी ठरवून ठेवलं होतं. झगा संध्याकाळी परत द्यावा लागला.

तुझी,
चिमणी


५ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. एका बाजूला "चादरी, डाग शाईचे" आणि दुसऱ्या बाजूला तू. लाँड्रीच्या पावतीवर मावतं तेवढंच बोलायचं असं ठरवलं आहेस का?

पण हसले मी खूप. "गोगलगाय पोचली. सासूबाई म्हणाल्या दिवसभर वीज खाणारी सवत घरात नको. म्हणून कामावर आणली. खिडकीशी एक इस्त्री बंद पडलीय, तिच्या प्लगवर चालते. मुकादमबाई आधी ओरडल्या, मग वाटी घेऊन आल्या." गोगलगाय! याहून चांगलं नाव कंपनीलाही सुचलं नसतं. आमच्या विभागात मी आता सगळ्यांना स्लो कुकरला गोगलगायच म्हणायला लावलंय.

मला ती खोली डोळ्यांपुढे दिसते. शाळेतून मी तुझ्याकडे यायचे तेव्हा वाफेने खिडक्या रडत असायच्या, आणि तू मला चादरींच्या गठ्ठ्यावर बसवून पाढे म्हणायला लावायचीस. चुकले की इस्त्रीसाठीचं पाणी अंगावर शिंपडायचीस.

आता थोडं रागावते. तू लिहितेस की त्यातलं नव्या पोरीलाही देतेस, जी टाचणीसारखी आहे म्हणून तिचं नाव टाचणी ठेवलंय, जी नवऱ्याला डबा भरून देते आणि स्वतः कोरडा पाव आणते. ताई, मला टाचणीचं वाईट वाटतं. पण ते जेवण तुझ्यासाठी आहे. भांडं मोठं आहे म्हणून पंगत बसवू नकोस.

या वेळी राजमा. पण नीट वाच. राजमा कच्चा थेट गोगलगायीत टाकायचा नाही. रात्रभर भिजव, ते पाणी फेक, नवीन पाण्यात मोठ्या आचेवर चांगला दहा मिनिटं खळखळ उकळव, आणि मगच आत टाक. त्याच्यात एक विषारी गुण असतो, तो मंद आचेने जात नाही. कितीही वेळ ठेवलं तरी जात नाही. मग टोमॅटो, कांदा, रताळं. उकडलेलं अंडं वरून.

पाळी वेळेवर येते का, ते पुढच्या पावतीवर लिही. लाजू नकोस, मी दिवसभर हेच विचारते लोकांना.

चिमणी


१९ मार्च

ताई,

बरं बाई, नाही विचारणार.

"झाकण सारखं उघडायचं नाही असं तूच लिहिलंस ना?" तुझी ही ओळ वाचून मी टेबलावर एकटीच लाल झाले. समोरच्या आजी म्हणाल्या, "काय गं, नवऱ्याचं पत्र?" म्हटलं, नवऱ्याचं असतं तर बरं झालं असतं, बहिणीने कान उपटलेत.

दोन्ही पत्रांत मी तोच विषय काढला, खरं आहे. त्याचं असं आहे की आई मला विचारते. तुला विचारायची तिला हिंमत होत नाही. मी शिकलेली, म्हणजे मला सगळं ठाऊक असणार असं तिला वाटतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना ती माझी ओळख "आमची डॉक्टर" अशी करून देते. मी सांगते, "आई, मी डॉक्टर नाही गं." ती म्हणते, "त्यांना काय कळतंय." बाबा पेपरमागून म्हणतात, "तुला तरी काय कळतंय." आणि मग दोघांचं सुरू होतं.

तुझ्या पावतीची दुसरी ओळ मात्र मला पटली नाही. "एकटीने खाल्लं की घशाखाली उतरत नाही." ठीक आहे, वाढ सगळ्यांना. पण आधी स्वतःच्या ताटात घे आणि मग वाढ. नेहमी उलटं करतेस. लहानपणी माझ्या दुधावरची साय मला देऊन भांड्याला लागलेली तू चाटायचीस, आणि मला वाटायचं तुला तशीच आवडते.

या वेळी कोंबडीच्या हाडांचं सूप. हाडं आधी थोडी भाजून घे, मग मिरी, गाजर, कांदा सालासकट, आणि चमचाभर व्हिनेगर. सकाळी लावलंस की कामाची सुट्टी होईपर्यंत राहू दे. झाल्यावर मूठभर जव शिजवून त्यात घाल. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईला याच्याइतकं दुसरं काही बरं वाटत नाही.

मी काही विचारत नाहीये. फक्त एवढंच लिहिते की मला आशा आहे. आशा करायला तुझी परवानगी लागत नाही.

चिमणी


२३ एप्रिल

ताई! ताई! ताई!

पावती टेबलावर ठेवली, पाणी प्यायले, पुन्हा उचलून वाचली. "पहिल्या तीन महिन्यांत काय शिजवावं? सकाळी काही टिकत नाही. लवकर लिही."

बस, एवढंच! कधी कळलं, कसं वाटतंय, काही नाही. तू म्हणजे तूच. पण त्या "लवकर" या शब्दाखाली तू रेघ मारली आहेस, आणि आयुष्यात तू कशाखाली रेघ मारलेली मला आठवत नाही.

नीट वाच. सकाळी उठल्याबरोबर पोट रिकामं ठेवू नको, उशाशी कोरडा टोस्ट ठेव. मसाला, तळण आणि तीव्र वास काही दिवस दूर. गोगलगायीत साधी मुगाची डाळ आणि तांदूळ पातळ, आलं घालून. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टर देतील, ती चुकवू नकोस. ते मोठे गठ्ठे उचलायचे नाहीत, मुकादमबाईंना माझं नाव सांग. आणि या वेळी सुरुवातीपासून डॉक्टरांकडे जा. आमच्याकडे ये, मी रांगेत उभी राहते.

कुणाला सांगणार नाही असं ठरवलं होतं. घरी गेले, आईने नुसतं "आज एवढी का हसतेस?" विचारलं आणि माझं तोंड उघडलं. रागावू नकोस. तू तिला बघायला हवं होतंस. हातातली पातेली तशीच धरून उभी. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून तो पिवळा स्वेटर काढला, तुझ्या पहिल्या वेळी विणला होता तो, आणि त्याचं एक बटण तुटलं होतं ते लावत बसली. बाबा म्हणाले, "एवढी घाई कशाला?" आणि स्वतःच सुईत दोरा ओवून दिला.

रविवारी आई तुमच्याकडे येते आहे. मला ड्यूटी आहे, नाहीतर मीही आले असते. तिला अडवायचा प्रयत्न केला, पण तिने पिशवी भरून ठेवलीय.

तुझी, तुझी, तुझी,
चिमणी मावशी


२९ एप्रिल

ताई,

काय झालं ते तुला सांगायला नको. तू तिथेच होतीस. पण आई घरी येऊन आमच्याशी जे बोलली ते मला तुझ्यापुढे ठेवायला हवं, म्हणजे मला काय काय ठाऊक झालंय ते तुला कळेल आणि तुला लपवावं लागणार नाही.

आई म्हणाली की दार सासूबाईंनी उघडलं. आईने पिशवी खाली ठेवून त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "अभिनंदन विहीणबाई." त्यांना काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगायचं नाही का? मी काय शेजारीण आहे?" पण रागावल्या नाहीत. डोळे पुसत बाहेर गेल्या आणि समोरच्या दाराची कडी वाजवून दोघी-तिघींना घेऊन आल्या. तू ओल्या हातांनी आतून आलीस तेव्हा स्वेटर टेबलावर होता.

तू म्हणालीस, "आई, ते माझं नाहीये. आमच्याकडे एक पोर आहे, टाचणी, तिच्यासाठी विचारलं होतं मी."

आई म्हणाली, "कोण टाचणी?"

सासूबाई म्हणाल्या, "मग तुझं कधी?"

आणि तू म्हणालीस, "माझं आता नाही. गर्भाशय काढलंय माझं. डिसेंबरमध्ये. गाठी होत्या, रक्त थांबत नव्हतं."

भाऊजी दारात उभे राहून म्हणाले, "सही मी केली. हिला काही बोलू नका." सासूबाई म्हणाल्या, "चोरून केलंत? मला तर माहेरी गेलीय म्हणालात!" तू म्हणालीस, "चोरून नाही. तुम्ही रडला असतात, आणि तेव्हा माझ्यात तुम्हाला गप्प करण्याएवढं बळ नव्हतं." शेजारणी एकेक करून निघून गेल्या. सासूबाईंनी आत जाऊन दार लावून घेतलं.

पदवीदान डिसेंबरमध्ये होतं. मी दारात वाट बघत होते तेव्हा तू कुठे होतीस ते आता कळलं. आणि मी जानेवारीत राग जवळजवळ गेल्याचं लिहून तुला उपकृत केलं होतं.

जिन्यात आईने तुला विचारलं म्हणे, "निदान धाकटीला तरी सांगायचं होतंस. ती कसली कसली जेवणं लिहून पाठवते, तुला त्याचा त्रास नाही झाला?" तू जे उत्तर दिलंस ते आई मला सांगत नव्हती. बाबांनी सांगायला लावलं. तू म्हणालीस, "तिच्या पत्रात मी अजून आई होणार असते. बाकी कुठेच नाही. तेवढं तरी राहू दे म्हटलं."

ताई, मला पुढे लिहिता येत नाही.


२० मे

ताई,

भाऊजींचा फोन आला होता. म्हणाले, "काही दिवस लिहू नकोस. सासू-सुनेचं बोलणं बंद आहे, तुझी ताई कामावरून आली की भिंतीकडे तोंड करून पडते. तुझी चूक नाही, पण आता लिहू नकोस." मी "बरं" म्हणाले, आणि हे लिहिते आहे. उत्तर नको.

इथलं सगळं ठीक आहे. आईने स्वेटर पुन्हा वर ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला. आता तो कुठे आहे मला माहीत नाही आणि मी विचारत नाही.

या पत्रात जेवण नाही. काय लिहू ते सुचलं नाही. आजवर प्रत्येक जेवण मी कशासाठी तरी लिहिलं होतं.

चिमणी


१४ सप्टेंबर

ताई,

आज टाचणी आली होती.

मला ती टाचणी हे आधी कळलं नाही. रक्त कमी म्हणून तुमच्याकडच्या दवाखान्याने मोठ्या रुग्णालयात पाठवलेली, सातवा महिना, सोबत नवरा. तो पलीकडच्या बाकावर बसून दुसऱ्याच कुणाचं तरी बाळ खेळवत होता. ती समोर बसली आणि मी नेहमीप्रमाणे सुरू केलं. डाळी, अंडी, पालेभाजी, राजमा. म्हटलं, "राजमा मात्र आधी..."

"खळखळ उकळायचा," ती म्हणाली. "विषारी गुण मंद आचेने जात नाही. कितीही वेळ ठेवलं तरी."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "हे कुणी सांगितलं?"

"आमच्याकडे येतात ना पत्रं. बाईंची बहीण लिहिते, शिकलेली आहे ती. बाई जेवणाच्या सुट्टीत वाचतात, आम्ही सगळ्या ऐकतो. तुम्ही झाकणाचं सांगितलं नाहीत पण. झाकण उघडायचं नाही, वासावर विश्वास ठेवायचा."

मी तिला सांगितलं नाही मी कोण ते. सांगायला हवं होतं का? मागे रांग होती. फक्त विचारलं, "सगळं पत्र वाचतात?"

"नाही. मधेच थांबतात. पुढचं मनात वाचतात आणि घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवतात. मुकादमबाई चिडवतात, 'काय गं, पुढे गुपित आहे का?' तर म्हणतात, 'पुढे माझं आहे.'"

मग म्हणाली की एप्रिलनंतर पत्र आलं नाही. म्हणजे २९ एप्रिलचं आणि २० मेचं तू वाचून दाखवलं नाहीस. साहजिक आहे. आता जुनीच वाचता तुम्ही, कुणाला तोंडपाठ झालीत तरी. कोंबडीचं सूप गोष्टीतल्या म्हातारीच्या आवाजात वाचायला सांगतात म्हणे तुला, आणि तू वाचतेस.

मी म्हटलं, "आणि बाई? त्या काय खातात?"

तिला हसू आलं. "बाई वाढतात. माझे गठ्ठे त्याच उचलतात, मला हात लावू देत नाहीत. सगळ्यांचं झालं की भांडं स्वतः घासायला घेतात. कडेचं लागलेलं असतं ना, ते पावाने पुसून खातात. म्हणतात, तेच आवडतं मला."

ताई, साईचं भांडं आठवलं मला.

ती उठताना मी तिच्या कागदावर लिहायचं ते लिहिलं. इतके दिवस माझा पहिला प्रश्न असायचा, "लग्नाला किती वर्षं झाली? किती दिवस प्रयत्न करताय?" पुस्तकात तसंच आहे. पुढची बाई बसली आणि मी विचारलं, "आज काय खाल्लंत?" ती म्हणाली, "मी? काही नाही अजून." आणि रडायला लागली. आता सगळ्यांना आधी हेच विचारणार आहे. साहेबांनी विचारलं तर सांगेन काहीतरी.

पण तुला मी ते कधीच विचारलं नाही. लोह, प्रथिनं, हार्मोन्स, सगळं लिहिलं. एवढ्या मोठ्या ऑपरेशनमधून उठलेली बाई गठ्ठे उचलत होती आणि मी तिला येणाऱ्या बाळासाठी जेवायला सांगत होते.

तू म्हणाली होतीस की माझ्या पत्रात तू अजून आई होणार असतेस. ती पत्रं तुझी आहेत, खिशात ठेव. मी परत मागणार नाही आणि त्यांतलं एक अक्षर खोटं होतं असंही म्हणणार नाही. पण तसलं पत्र मला आता लिहिता येणार नाही. हे वेगळं आहे. हे मोठ्याने वाचू नकोस.

बटाटा एक, लहान. गाजर एक. मूठभर मसूर. लसणाच्या दोन पाकळ्या, मिरी, मीठ, बुडेल एवढं पाणी, वरून लोणी, तुला आवडतं तेवढं, मी मोजून सांगत नाही. भांड्याच्या तळाशी जेमतेम येईल. मोठ्या भांड्यात एवढंसं शिजवायचं म्हणजे करपायची भीती असते, म्हणून झाकणाच्या आत एक ओला पातळ पंचा अडकव, आणि लवकर बघ. हो, याचं झाकण उघड. पाहिजे तितक्या वेळा उघड.

त्या दिवशी बाकीच्यांना सांग की आज गोगलगाय बिघडली आहे. टाचणीला मी आमच्या रुग्णालयातून डबा सुरू करून दिलाय, तिची काळजी नको. ताट घे, पूर्ण वाढून घे, गठ्ठ्यांवर बस आणि गरम असतानाच खा.

हे कशासाठी चांगलं असतं ते मी लिहीत नाही. या पत्रात तू कुणाची आई होणार नाहीस, ताई. या पत्रात तुला फक्त भूक लागली आहे.

चिमणी